आत्या कोणत्या फोल्डरात

माझ्या भावाचं लग्न ठरलं आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला तातडीनं माहेरी बोलावून घेतलं. मला वाटलं, साड्यांची खरेदी असेल. पोचले तर चहाच्या आधी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "तुझ्या लग्नाचा एक फोटू शोधून दे," म्हणाले. "आक्का दिसंल असा. एक बास झाला."

आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, आमची एकुलती एक आत्या. आमचं गाव बेल्ह्याजवळ आणि तिला दिली तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मढला. माझ्या मुलाच्या बारशाला ती आली होती, तेव्हा तिनं माझ्या लग्नाचा अल्बम मांडीवर घेतला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत पाहिला आणि मिटून ठेवला. भांडली नाही, रडली नाही. समदं गाव हाय, मी तेवढी न्हाई, इतकंच म्हणाली आणि एसटीनं गेली. तेव्हापासून तिनं आमचा उंबरा चढला नव्हता. भाऊबीजेला आप्पाच मढला जाऊन ओवाळून घ्यायचे.

आता नवरदेवाला मुंडावळ्या आत्यानं बांधायच्या ही आमच्या घरची रीत. आत्या म्हणत होती, मागच्या लग्नात मी होते याचा एक फोटो दाखवा, मग येते. आप्पा निश्चिंत होते. त्यांचं म्हणणं, अल्बमवाल्यानं फोटो निवडताना घोळ घातला, पण त्यानं काढलेलं कॉम्प्युटरात सगळंच आहे.

सगळंच होतं हे मात्र खरं. हा कॉम्प्युटर भावानं शिकताना घेतला आणि तो चाकणला नोकरीला लागल्यावर आप्पांनी ताब्यात घेतला. घरात कुणाचाही फोन भरला की आप्पा वायर लावतात आणि पोतं उपडं करावं तसे सगळे फोटो आत ओततात. फोल्डरला नाव द्यायचं असतं हे त्यांना मान्यच नाही. त्यामुळे 'न्यू फोल्डर', त्याच्या पोटात आणखी एक 'न्यू फोल्डर', त्याच्या पोटात तिसरा. एकाचं नाव चक्क 'लग्न फायनल' होतं. मी आनंदानं उघडला, तर आत कांदे. व्यापाऱ्याला पाठवायला काढलेले नुसते कांदे, आणि आकार कळावा म्हणून शेजारी आप्पांचा चपलेतला अंगठा. पुढच्या फोल्डरात बाजारातले बैल, त्यातही आम्ही कधीच न घेतलेले बैल जास्त. मग उसात उमटलेला बिबट्याचा पंजा, चारी बाजूंनी. आई मागून डोकावून गेली आणि जाता जाता म्हणाली की त्या बिबट्याएवढे फोटो तिचे कुणी काढले नाहीत.

मी मोठ्या शिस्तीनं सगळं तारखेप्रमाणे लावायला घेतलं. पण ओततानाच काहीतरी गडबड झाली असावी, कारण ढीगभर फोटोंवर एकच तारीख पडली होती. कॉम्प्युटरच्या हिशेबानं माझं लग्न, गाईचं बाळंतपण आणि बोअरला लागलेलं पाणी एकाच दिवशी झालं होतं. मी कपाळाला हात लावला.

भावानं फोनवरून अक्कल शिकवली की चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर टाक, ते माणसागणिक फोटो वेगळे करतं. टाकलं. आमची जेवणं होईपर्यंत ते गप चेहरे वेचत बसलं. मग निकाल लागला. आमच्या घरात सगळ्यात जास्त फोटो कुणाचे निघाले असतील? एका पुढाऱ्याचे. हे गृहस्थ आमच्या दारात कधी आलेले नाहीत, पण प्रत्येक लग्नात, वाढदिवसाला आणि दशक्रियेला मागच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे आहेत. त्यांच्या खालोखाल आप्पा. पण ज्या भाऊबंदाशी आप्पांचा बांधावरून वाद चाललाय, त्याला आणि आप्पांना सॉफ्टवेअरनं एकच माणूस धरलं होतं. ते मला सगळी कामं सोडून आधी वेगळं करावं लागलं.

आत्याचा चेहरा दाखवला तर भाऊबीजेचे फोटो भराभर पुढे आले. मढच्या ओसरीवर आत्या, हातात ताट, दरवर्षी तीच. माझ्या लग्नातला मात्र एकही नाही. आप्पा म्हणाले, मशीन येडं हाय.

मग मी हातानं एकेक फोटो बघायला बसले. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरी दोन मिनिटं आणि सत्कार दोन तास. अमक्याला टोपी-टॉवेल, तमक्याला शाल-नारळ, माइकवर आशीर्वादाची भाषणं, आणि अक्षता ताटकळत. माझ्या लग्नाचे निम्मे फोटो टॉवेलांचेच आहेत. जांभया देत मी पुढे जात होते, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. ती पोपटी साडी मीच तिला मानाची घेतली व्हती."

पोपटी साडी पाठमोरी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात आमटीची बादली, पंगतीच्या दुसऱ्या टोकाला. मी परत पहिल्यापासून बघायला लागले, आता माणसं सोडून नुसती पोपटी साडी शोधत. आणि काय सांगू, ती जिकडे तिकडे होती. आचाऱ्याशेजारी वाकलेली पाठ. पुढाऱ्यांच्या मागून बुंदीचं ताट घेऊन चाललेलं कोपर. अक्षता पडताना सगळ्यांची तोंडं आमच्याकडे, आणि ही कडेला पाठ करून कुणाच्या तरी ओंजळीत अक्षता घालतेय. माझा सगळ्यात चांगला फोटो, जो सासरी भिंतीवर लावलाय, त्याची कॉम्प्युटरातली मूळ प्रत जरा मोठी निघाली. तीत खालच्या कोपऱ्यात एक हात माझ्या शालूच्या निऱ्या सारख्या करतोय, मनगटावर पोपटी काठ. भिंतीवरच्या फोटोत तो हात कापलाय.

त्या कॉम्प्युटरात पहिल्यांदाच मी नाव देऊन फोल्डर केला. 'आत्या'. सगळ्या पाठी, कोपरं आणि हात त्यात टाकले आणि आप्पांना बोलावलं. पहिल्या काही फोटोंना ते हसले. ही बघ आक्का, ही बघ पुन्हा आक्का, असं चाललं होतं. मग हसायचे थांबले. मी म्हटलं, हे मढला घेऊन जाऊ, पुरावा आहे ना. आई म्हणाली, तिनं तोंड दिसणारा फोटो मागितलाय, पाठ नाही.

आप्पांनी फोन उचलला. हा माणूस बांधाच्या वादात एक वीत मागे सरकत नाही, आणि बहिणीपुढे तर कधीच नाही. मला वाटलं, आता 'सापडला, सापडला' करून वेळ मारून नेतील.

"आक्का, तुझंच खरं," आप्पा म्हणाले. "तू एकाबी फोटूत न्हाई. समदी टेजवर व्हती आन् तू एकली राबत व्हतीस. मला आत्ता दिसलं गं."

आप्पांनी फोन कानाला घट्ट धरून ठेवला होता. मग पलीकडून आत्यानं विचारलं की मांडव कधी घालताय, आणि इंद्रायणी तांदूळ किती आणू.

ती मांडवाच्या आदल्या दिवशीच आली, तांदळाचं पोतं घेऊन. भावाला मुंडावळ्या तिनं बांधल्या. बांधून झाल्या की पदर खोचून आचाऱ्याकडे निघाली होती, पण आईनं दंडाला धरून परत आणली. आणि आप्पांनी टोपी-टॉवेलवाल्या पुढाऱ्यांना खाली बसवून ठेवलं आणि माइकवर पहिलं नाव आक्काचं पुकारलं. दोन पुढारी रुसले. रुसू देत.

सत्यनारायणाच्या पूजेनंतर पाहुणे पांगले आणि फोटो आले. आप्पांनी वायर लावून सगळे आत ओतले, यंदा 'आत्या' फोल्डरात, कांद्यांसकट. सॉफ्टवेअरनं चेहरे वेचले, आणि स्टेजवर पोपटी साडीतच उभी असलेली आत्या ठसठशीत समोर आली. डोळे मिटलेले, पण आली. आत्यानं खुर्ची जवळ ओढून पडद्याला नाक लावलं. पुढाऱ्याचा पहिला नंबर आईनं तिला आधीच सांगून ठेवला होता.

"त्या फ्लेक्सवाल्यापरीस जास्त झालं का माझं?" तिनं विचारलं.

नाही झाले अजून, मी म्हटलं.

आत्यानं खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि खुर्चीत ताठ बसली.

"मग काढ की."