फोल कणसांचं नवें

मालवणला निघतानाच मी परतीची दोन तिकिटं काढली होती, एक माझं आणि एक वयनीचं (वहिनीचं). माझा थोरला भाऊ पास्कू गेल्या वर्षी नव्याचा सण झाल्यावर लगेच वारला. यंदा आषाढात खाडीचा बांध फुटून खारं पाणी त्याच्या शेतात शिरलं. एकट्या बाईने आता तिथे राहून करायचं काय? तिला पुण्याला घेऊनच यायचं, असं मी ठरवलं होतं. सणाचं मला कौतुक नव्हतं. पास्कू गेल्यापासून मी चर्चची पायरी चढलेलो नाही.

कणकवलीला उतरलो आणि छत्री बसमध्येच राहिली. मालवणच्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने मला निरखून विचारलं, "पास्कूचो भाव मां तू? बरो माणूस होतो रे." बरा होता म्हणूनच नेला की काय, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांचं भात हिरवंगार उभं होतं.

शेतात उतरताना चिखलाने माझी एक चप्पल ओढून घेतली ती घेतलीच. समोर वयनी विळा घेऊन उभी होती. भरलेली लोंबी वाकते. आमच्या सगळ्या पांढऱ्याफटक आणि ताठ होत्या. त्यातल्याच ती निवडून कापत होती.

"इलंस इनास? पाय धू. पेज वाढतंय."

उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. मी दोन घास खाल्ले तेव्हा कुठे दिसलं, की जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी तिचे डोळे अजून मिटलेले आहेत.

नवें म्हणजे नव्या भाताचा सण. आपल्या शेतातली पहिली कणसां (लोंब्या) इगर्जीत (चर्चमध्ये) नेऊन देवाचे आभार मानायचे आणि मग घरातल्या खुरसाला (क्रूसाला) ती पुढच्या नव्यापर्यंत बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी, सणाच्या सकाळी शेजारची रोझी भरलेल्या कणसांची जुडी घेऊन आली. "ही घे गो. कोणाक कळतला?"

"नको," वयनी म्हणाली. "माझ्या शेतात हीच झाली."

इगर्जीच्या वाटेवर माझा तोल सुटला. "देवान पास्कूक नेल्यान, शेत नेल्यान. आता कसले आभार मानतंस?"

ती थांबली. "माका राग येना नाय असा वाटता तुका? आषाढभर मी त्येच्यावांगडा (त्याच्याशी) भांडलंय. उद्या परत भांडतलंय. पण आज नवें. मन झाला तर मानतलंय असा म्हटला, तर माका कधीच जमूचा नाय."

मी चर्चच्या दारातच उभा राहिलो. वेदीपुढे हिरव्या जुड्या माना वाकवून पडल्या होत्या. त्यांत तिची तेवढी काटक्यांसारखी ताठ. बायकांनी नजरा वळवल्या. पाद्रीबाबांनी सगळ्या जुड्यांवर सारखंच आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. मला त्या पाण्याचाही राग आला.

घरी खुरीस भिंतीवर उंच आहे. "पास्कू बांधी. माझो हात पावना नाय," ती म्हणाली. मी स्टुलावर चढलो. गेल्या वर्षीची कणसं पास्कूच्याच गाठीने बांधलेली होती, काथ्याची करकचून मारलेली गाठ. ती सोडवताना मला रडू आलं. तिथे मी ती फोल जुडी बांधली. जुन्या कणसांतले मूठभर दाणे वयनीने कांडले आणि नारळाच्या रसात घालून खीर केली. मग डोळे मिटून मोठ्याने म्हणाली, "बाव (विहीर) खारी जावक नाय, पास्कूच्या हातचो तांदूळ उरलो, इनास इलो. देव बरें करूं (देवाचे आभार)."

मी तिला न्यायला आलो होतो, आणि ती माझ्या येण्याचेही आभार मानत होती. मी खीर बाजूला सारली. तिकिटं तिच्यापुढे ठेवली.

तिने ती वाचली आणि माझ्याकडे सरकवली. "ही कणसां आता बांधलंस मां? पुढच्या नव्याक ती काडूची लागतत. मी पुण्याक गेलंय, तर काडतलो कोण?"

परतताना शेजारच्या रिकाम्या सीटवर माझी पिशवी होती. आभार मला अजूनही मानता येत नाहीत, आणि बळेच मानावेत असंही वाटत नाही. पण पुढच्या नव्याला जावंच लागेल. तिचा हात तिथवर पोचत नाही.