मावशीच्या वहीतली दहा मिनिटं

मावशी प्रेमळ होती असं मी मेले तरी म्हणणार नाही. ती खुनशी होती. त्या खुनशीपणामुळेच माझी चिमी आज माझ्याजवळ आहे, म्हणून तिच्याबद्दल मीच सांगायला हवं.

चिमी चार महिन्यांची असताना मी तिला झोपवून, बाहेरून कडी घालून कामावर गेले. शेजारणीने कळवलं, बालकल्याण ऑफिसची माणसं आली. मूल काढून घेण्याआधी शेवटची संधी म्हणून आम्हा दोघींना सहा महिने मावशीच्या घरी ठेवलं. अशी घरं असतात. तिथली बाई, तिला सगळ्या मावशीच म्हणतात, आईला मूल सांभाळायला शिकवते आणि रोजचं सगळं वहीत लिहिते. शेवटी तपासणीवाल्या बाई येऊन वही वाचतात. त्यांच्या एका शेऱ्यावर मूल आईकडे राहतं, नाहीतर अनाथाश्रमात जातं.

मावशी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. पुढच्या खोलीत तिचं टेबल, मागच्या खोलीत आम्ही. शिकवायची म्हणजे नुसता पिच्छा पुरवायची. पोर रडली की आधी लंगोट बघ, मग पोट, मग कान. माझं चुकलं की तोंडावर सांगायची, वर वहीतही लिहायची. चिमी किती वाजता दूध प्यायली, किती वाजता ओली झाली, सगळं. ती वही चुलीत घालावी असं मला रोज वाटायचं.

एकदा मी चिडून विचारलं, तुला ना मूल ना बाळ, मग हा उपद्व्याप कशाला? तिने इस्त्री उभी ठेवली आणि कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला. तिलाही मुलगी होती, पाच महिन्यांची. एका सकाळी तपासणीवाल्या बाई दहा मिनिटं येऊन लिहून गेल्या होत्या, 'मूल ओलं. आईचं लक्ष नाही.' तेवढ्यावर मुलगी अनाथाश्रमात गेली, ती गेलीच.

"सत्तावीस वर्षं झाली," मावशी म्हणाली. "त्या बाईच्या हातून एकेक मूल ओढून परत आणतेय. तू अकरावी."

त्या बाई आता मोठ्या साहेब झाल्या होत्या आणि माझ्या तपासणीला नेमक्या त्याच आल्या. मी चिमीला उराशी कवटाळलं. मावशी मात्र भलतीच खुशीत होती. तिने चिमीला दूध पाजायला लावलं, दुपट्यात गुंडाळलं आणि बाईंच्या मांडीवर नेऊन ठेवलं. मग वही त्यांच्या हातात दिली आणि माझं मनगट घट्ट धरून दाराशी उभी राहिली.

बाई वाचत होत्या. चिमी कुरकुरायला लागली. ती ओली झाली होती, मला दुरूनच कळलं. मी हात सोडवायला बघितलं, पण मावशीची पकड ढिली होईना. तिचे डोळे घड्याळावर होते. बाईंनी पान उलटलं आणि न बघताच चिमीला दोनदा थोपटलं.

दहा मिनिटं झाल्यावर मावशीने माझा हात सोडला. मी धावत जाऊन चिमीला उचललं आणि तिथेच जमिनीवर तिचा लंगोट बदलला. तेवढ्यात मावशीने वही काढून घेऊन एक ओळ लिहिली, पिवळा कागद शेजारी ठेवला आणि दोन्ही गोष्टी बाईंसमोर सरकवल्या. ओळ होती, 'मूल ओलं. बाईंचं लक्ष नाही.'

बाईंचा चेहरा पडला. "अहो, मी वही वाचत होते."

"आणि त्या सकाळी मी दोरीवरचा लंगोट आणायला गेले होते," मावशी म्हणाली.

बाईंनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. सही त्यांचीच होती, पण त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मावशीलाही दिसलं. बाईंनी माझ्या फॉर्मवर 'मूल आईकडे राहावं' असं लिहिलं. मग खाली मान घालून मावशीला विचारलं, तुमच्या मुलीचं नाव काय होतं?

मावशी टेबलाकडे वळली. तिने इस्त्रीचं बटण लावलं.

बाई गेल्यावर मी म्हटलं, मावशी, घेतलास की गं सूड.

"कुठला सूड? तिला आठवतच नाही," ती म्हणाली. "मागची खोली पुसून घे. सोमवारी बारावी येतेय."