संपाच्या दिवशीचा डावा कोपरा
कबड्डी लीगमधल्या एका संघाच्या मुलींनी मॅटवर उतरायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या मॅनेजरने मला फोन केला. एका खेळाडूचा गुडघा सामन्यात गेला होता. तिच्या शस्त्रक्रियेची जबाबदारी संघ घेईपर्यंत कुणीच खेळणार नव्हतं. त्याला संध्याकाळपुरत्या बदली मुली हव्या होत्या. डावा कोपरा सांभाळणारी तुमच्याकडची द्या, म्हणाला.

मी बंगळूरजवळच्या होसकोट्यात मुलींना कबड्डी शिकवते. तशी एक होती माझ्याकडे. निवड चाचणीतून तीनदा परत आलेली. यंदा नाही जमलं तर घरचे खेळ बंद करणार होते. पण संपावर बसलेल्यांची कर्णधारही माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिला कळवावं असं दोनदा मनात आलं, कळवलं नाही. मुलीला विचारलं, तर तिने बूट आधीच पिशवीत भरले होते.

स्टेडियमच्या फाटकाशी संपवाल्या जमिनीवर बसल्या होत्या. ‘आल्या बदलीवाल्या,’ कुणीतरी म्हणालं. कर्णधार उठली. आता ही मला सुनावणार म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं, पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून मुलीच्या बुटाची नाडी ओढून पाहिली.

“डाव्या कोपऱ्यात मॅटचा जोड वर आलाय. तिथे पाय रोवू नकोस. तिचा गुडघा तिथेच गेला.”

“रागावलात का, अक्का?” मुलीने तिला विचारलं.

“रागावलेय. म्हणून काय सांगू नको?”

मुलीने माझ्याकडे वळून विचारलं, जाऊ का? मैदानाबाहेरून तिचा एकेक पाय मी ओरडून हलवत आले आहे. त्या दिवशी मात्र ‘तू ठरव’ म्हणाले. तो पळपुटेपणा होता की शहाणपणा, मला अजून सांगता येत नाही.

ती आत गेली. मी फाटकातच उभी राहिले. तेव्हा कर्णधारच म्हणाली, “आत जा, अक्का. तिचा पाय कुठे पडतोय ते बघा.”

मी गेले. सामनाभर फक्त तिचे पाय पाहिले. गुण किती झाले ते विचाराल तर आठवत नाही. पाय जोडावर एकदाही पडला नाही.

पुढच्या सामन्याला येशील का, असं मॅनेजरने तिला विचारलं. येते, म्हणाली. मग बाहेर आली आणि संपवाल्या मुलींच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी सरकून जागा दिली नाही, पण ऊठही म्हटलं नाही.

यातलं तिने ठरवलंय काय, ते मला कळेना. बराच वेळ मी तिची पिशवी धरून उभी होते.