देव्हाऱ्यामागची वही

मारामारी माझ्या रक्तातच आहे, पण हे प्रकरण सुरू झालं ते कागदावरून. इन्कम टॅक्सचा वकील म्हणून मी काशीत पाटी लावली आणि सहा महिने त्या पाटीवर फक्त कबुतरं बसली. वकिलानं स्वतःची जाहिरात करायची नाही, असा दंडक. मग मी शक्कल काढली, सल्लाच फुकट छापायचा. महिन्याला एक हिंदी पत्रक, त्यात एक चटकदार गोष्ट, गोष्टीतून कायदा आणि तळाशी माझा पत्ता. चौकातल्या साडीवाल्यांकडे ती पत्रकं मी स्वतः वाटायचो.

तिसऱ्या पत्रकाला गोष्ट सुचेना. माझे वडील, अण्णा, रामघाटावर वेद शिकवायचे आणि दर सोमवारी चौकातल्या एका सेठच्या घरी अभिषेक करायचे. एकदा जेवताना ते हसत म्हणाले होते, "त्यांच्याकडे देव पुढे अन् खरी वही देवांच्या मागे." मी ते उचललं. लिहिलं, एक सेठ देव्हाऱ्यामागे वही लपवतो, पकडला जातो, दंड भरतो; त्यापेक्षा वेळीच वकिलाला विचारा. म्हटलं, काशीत सेठ काय एकच आहे? गाढव होतो मी, गाढव!

पुढच्या सोमवारी अण्णा पूजेला बसले, तर सेठनं दार लावून घेतलं. "महाराज, घर का भेद किसको दिया?"

"मैंने किसी से कुछ नहीं कहा," अण्णा म्हणाले.

सेठच्या दोन लाठीवाल्या लठैतांनी त्यांना तिथेच, अभिषेकाच्या पाण्यात पाडून झोडपलं. डोकं वाचवायला त्यांनी उजवा हात वर धरला, तो मनगटात मोडला. आमच्या शाखेत वेद म्हणताना प्रत्येक स्वराला उजव्या हाताची जागा ठरलेली असते. हात गेला म्हणजे शिकवणं गेलं.

मी खलातला बत्ता उचलला आणि मंगला गौरीजवळच्या आमच्या घरापासून चौकापर्यंत पळत सुटलो. गद्दीवर बसलेल्या सेठच्या कपाळातच हाणला. पांढऱ्या चादरीवर रक्त उडालं तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्याच्या माणसांनी मला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. पुढचे दोन दात तिथेच राहिले. पोलिसांत कुणी गेलं नाही. सेठला तिथं वहीचं नाव काढायचं नव्हतं अन् मला बत्त्याचं.

आणि आठवड्याभरात पक्षकार यायला लागले! ह्याला सगळ्यांच्या घरातलं ठाऊक असतं, असा बोभाटा झाला होता. "वकील साहब, हमारी बात मत छापिएगा," म्हणत पहिला आला, त्याला मी जिन्यावरून ढकलून दिला. मेला धोतर झटकत पुन्हा वर आला. अण्णांचे विद्यार्थी दुसरीकडे जायला लागले होते, घर तर चालवायचं होतं. मी कामं घेतली.

अण्णांचं मनगट वाकडं जुळलं. हाडवैद्य म्हणाला, पुन्हा मोडून बसवलं तरच सरळ होईल. अण्णांनी मला जवळ बोलावलं.

"खरं सांग. मी घरी कधी काही बोललो होतो का रे? मला आठवत नाही. बोललो असेन तर हे देवाचं शासन आहे. मग हात असाच राहू दे."

चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या देवघरांत वावरला होता. माझीच मला शिसारी आली.

"नाही अण्णा. ते मी मनानंच रचलं."

"वाटलंच मला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग धर."

मी त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. हाडवैद्यानं मनगट पाटावर टेकवलं.

"मी बोललो नव्हतो," अण्णा दात आवळून म्हणाले.

"नव्हता बोललात," मी म्हणालो आणि हाडवैद्याकडे बघून होकारार्थी मान हलवली.