सोफा मी पुसला

आत्या सोफ्यावरून उठली, काचेचं दार ढकलून बाहेर गेली, आणि सरांनी माझ्या हातात स्पिरिटची बाटली दिली.

"सोफा पुसून घे."

मी पुसला.

अमरावतीतल्या त्या टॅटू स्टुडिओत मी चार महिन्यांपासून शिकत होते. नियम मला पाठ होते. जिथे सुई चालते ती खुर्ची प्रत्येकानंतर स्पिरिटने पुसायची. सुई नवी, हातमोजे नवे. ते बरोबरच आहे. पण सोफा वाट बघणाऱ्यांचा. त्यावर कॉलेजची पोरं घामेजलेल्या शर्टांनी बसायची. सरांचे मित्र कचोरी खायचे, हात सोफ्यालाच पुसायचे. चार महिन्यांत त्याला कधी स्पिरिट लागलं नव्हतं.

पुसताना मला हे माहीत होतं. म्हणून लिहिते आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. ती बार्शीटाकळीच्या बाजारात गोंदायला बसते. आमच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. मी सहा वर्षांची असताना तिने माझ्या मनगटावर पाच ठिपके गोंदले. त्याच वर्षी वडिलांनी मला अकोल्यात इंग्रजी शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात मिसनी ओल्या रुमालाने माझं मनगट घासलं. ठिपके जात नाहीत म्हटल्यावर वर्गासमोर म्हणाल्या, "चांगल्या घरातल्या मुली असलं काही करत नाहीत."

मी घरी येऊन घड्याळ मागितलं. रुंद पट्ट्याचं. तेव्हापासून मनगट कोणाला दिसलं नाही.

पुढे अकोल्यातच सहा वर्षं लग्नपत्रिकांची चित्रं काढली. डोली, सनई, वाकून नमस्कार करणारी नवरी. मग छापखान्याला कॉम्प्युटरवर तयार चित्रं मिळू लागली आणि मी नको झाले. माझी रेघ बरी होती, म्हणून टॅटू शिकायला अमरावतीला आले. सरांचं घर वकिलांचं. त्यांनी विचारलं, "हात चांगला आहे, कुठे शिकलीस?" मी म्हणाले, पत्रिका काढायचे. आत्याच्या मांडीला मांडी लावून पाटीवर तिचे नमुने गिरवायचे, ते सांगितलं नाही.

शिकणाऱ्याला आधी माणूस देत नाहीत. मला संत्री दिली. संत्र्याच्या सालीवर रेघ काढायची. सुई खोल गेली की रस येतो. रस आला की चुकलं. हे मी आत्याला फोनवर सांगितलं होतं. मोर्शीला कोणाच्या लग्नाला गेली, तर परतताना थैलीभर संत्री घेऊन ती थेट स्टुडिओत आली. चपला बाहेर काढून, सोफ्याच्या कडेवर बसली.

"धर. तुले शिकाले लागतात ना." मग हसली. "संत्र्याले काय गोंदतं व? ते बोंबलत नाई. माणूस बोंबलला म्हंजे हात शिकते."

सर आतून आले. तिची गोंदलेली हिरवी हनुवटी बघितली, मग मला विचारलं, "या कोण?"

"गावाकडच्या आहेत," मी म्हणाले. "ओळखीच्या."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "हो बाप्पा," ती सरांना म्हणाली, "गावाकडचीच हाये मी." आणि उठली.

सर म्हणाले, "या बायका एकाच सुईने अख्खा बाजार गोंदतात." ते खोटं नव्हतं. मी तेवढंच धरून बसले. सोफा पुसताना मनात म्हणत होते, जंतू असतात. पण सोफ्यावर सुई नव्हती. सोफ्यावर आत्या बसली होती.

आठ दिवस मी थैलीतली संत्री कामाला घेतली नाहीत. खाल्लीही नाहीत.

नवव्या दिवशी सरांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांची मुलगी आली. सोफ्यावर बसून तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. स्टुडिओच्या पानावर सरांनी टाकलेलं, 'आमचं खास डिझाइन'. माझ्या सरावाच्या वहीतलं. आत्याच्या उजव्या हातावरचं.

ती आत जायला उठली. मी बाटली घेतली आणि सोफा पुसू लागले.

"हे काय करून राहिली तू?" सर म्हणाले.

"सोफा पुसते आहे."

मुलगी वळली. "मी बसले म्हणून? मला काय रोग आहे का?"

तिचा चेहरा लाल झाला होता. तिचा काही दोष नव्हता, तेही मला दिसत होतं. मी सरांना म्हणाले, "त्या दिवशी बसली होती ती माझी सख्खी आत्या आहे. तिलाही रोग नव्हता. आणि हे डिझाइन तिच्या हातावरचं आहे."

सर जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "आधी सांगायचं ना. तू तर आमच्यातलीच वाटली."

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी वीस वर्षं घड्याळ बांधलं होतं.

वही घेतली आणि निघाले. परत गेले नाही.

बाजाराच्या दिवशी बार्शीटाकळीला गेले. आत्या एका बाईच्या हातावर नाव गोंदत होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "आत्या, तू गेल्यावर सोफा मी पुसला."

तिने मान वर केली नाही. "मले मालूम हाये. बाहीर चपला घालून राहिली होती मी. काचेतून दिसे." सुई चालूच होती. "लय घासून पुसला व तू."

तिने मला माफ केलं का, मी विचारलं नाही. विचारणार नाही. त्या उत्तरावर माझा हक्क नाही.

आता दर बाजाराला मी तिच्या सतरंजीवर बसते. नव्या सुयांचं खोकं मी आणते. प्रत्येकाला वेगळी सुई, वेगळे हातमोजे. आत्या कुरकुरते, "लय शाळा शिकली," पण घालते. घड्याळ घरी असतं. समोर कोणी बसलं की, ते विचारो न विचारो, मी आधी सांगते: ही माझी आत्या, माझा हात हिच्याकडून आलेला. ऐकून ज्याला उठायचं त्याने उठावं.

मग मी सुई उचलते.