पायचीत नसलेला हंगाम

त्या हिवाळ्यात आमच्या स्पर्धेतून पायचीत हा प्रकारच काढून टाकला होता. आमच्याकडे फलंदाजी करणाऱ्या संघाचेच दोन खेळाडू पंच म्हणून उभे राहतात. स्वतःच्या माणसाला पायचीत देणारा पंच मला इतक्या वर्षांत एकच भेटला आणि त्याचा चष्मा त्याच्याच संघाने फोडला. चष्मा फुटल्यावर आयोजकांनी बैठक घेतली, आणि भांडणं मिटावीत म्हणून फलकावर ‘एलबी रद्द’ असं लिहून टाकलं. उद्‌घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी हा निर्णय ऐतिहासिक असल्याचं सांगितलं. शाली वाटून होईपर्यंत मॅटिंगवरचं दव सुकलं. मग पाहुण्यांनी समारंभपूर्वक एक चेंडू खेळला, तो हुकला, आणि टाळ्या झाल्या.

ठरावाचा परिणाम पहिल्याच रविवारी दिसला. पायचीत नाही म्हटल्यावर फलंदाज दोन्ही पॅड जोडून तिन्ही स्टंप झाकून उभे राहू लागले. त्यांना बाद करायचं तर आधी त्यांना तिथून हलवणं भाग होतं. चेंडू लेदरचा होता. हेल्मेटं संघामागे दोन.

हलवण्याचं काम आमच्याकडे एकच जण करू शकत होता. आमचा संघ इंदिरानगरचा. कप्तानाचं मेडिकलचं दुकान, मी यष्टिरक्षक, आणि एरवी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवणारा. गोलंदाज मात्र पेठ तालुक्याकडचा होता, चोवीस वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला. अंगाने काटकुळा, बोलायला हळू. धावत यायचाही फार लांबून नाही. पहिल्या सामन्यात त्याचा तिसरा चेंडू समोरच्या सलामीवीराच्या बरगडीवर बसला आणि रिकामं खोकं पायाखाली यावं तसा आवाज आला. पुढच्या चेंडूला तो फलंदाज इतका बाजूला सरकला की तिन्ही स्टंप मला मागून मोकळे दिसले. गोलंदाजालाही दिसले.

“सापडलं,” कप्तान म्हणाला. जणू औषधच सापडलं होतं.

त्यानंतर आम्ही जिंकतच गेलो. चांदवडला गेलो तेव्हा समोर कांद्यातली माणसं होती, मनगटं आमच्या दंडाएवढी. त्यांच्या दुसऱ्या फलंदाजाचा अंगठा फुटला तसा त्यांचा कप्तान मैदानात आला.

“ओ इंदिरानगर, खेळायला आलाय का माणसं मारायला?”

“बॅट दिलीय ना हातात? अडवा की,” आमचा कप्तान म्हणाला.

“लय माज हाय रं तुला. थांब, तुझ्या टाळक्यात अडवतो.”

त्याने खरोखरच बॅट फिरवली. कप्तान वाकला, म्हणून ती माझ्या कोपरावर बसली. कुणीतरी स्टंप उपटला. नंतरची पाचेक मिनिटं कोण कुणाला मारत होतं ते सांगता येणार नाही. मीही एकाच्या पोटरीत बुटाची लाथ घातली, तो बहुधा आमचाच होता. मग दमलो, तेव्हा सामना पुढे सुरू झाला आणि आम्ही जिंकलो.

उपांत्यपूर्व सामन्यात मॅटिंगवर पडलेले दोन दात मीच उचलले आणि रुमालात बांधून त्यांच्या मालकाला दिले. हे सगळं मला आवडत होतं हेही लिहून ठेवायला हवं. वर्गात मी अहिंसेवरचे निबंध तपासतो आणि त्यांना बरे गुण देतो. पण चेंडू हाडावर बसल्याचा आवाज आला की ग्लोव्ह्जमध्ये माझे तळवे गरम व्हायचे, आणि तोंडाने मी “लागलं का हो?” असं विचारायचो.

त्या सामन्यानंतर गोलंदाज माझ्याशेजारी येऊन बसला.

“सर, पुढची मॅच आमच्या कंपनीबरोबर हाय.”

“मग?”

“आमचे साहेब त्यांचे कॅप्टन. त्यांनी बोलावलं होतं मला. म्हणले, मॅचमध्ये बघतो तुला. बॉलिंग पटली तर कायम करून टाकू.”

चार वर्षं तो ठेकेदाराकडे होता. दर अकरा महिन्यांनी त्याला काढायचे आणि वाटलं तर परत घ्यायचे. बायको आणि मुलगी गावी, पेठच्या पलीकडे. कायम झाल्याशिवाय त्यांना इथे आणायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि तिला पुरते तीन महिनेही त्याने पाहिलं नव्हतं.

“साहेब स्वतः बॅटिंगला येतील सर. तिन्ही स्टंप झाकून उभे राहतात ते. काय करू?”

मी विचारपूर्वक उत्तर दिलं. हीच माझी खोड. “हे बघ, इतरांना टाक जोरात. साहेबांना जपून. बरगडी मोडलेला माणूस कुणाला कायम करत नाही.”

त्याला ते पटलं. पटणारच होतं. मी शिकलेला होतो.

उपांत्य सामन्यात कंपनीचे पहिले चार जण त्याने घालवले. एकाचा खांदा निखळला, त्याला हात गळ्यात बांधून बाहेर नेलं. मग साहेब आले. नवं हेल्मेट, नवे पॅड, छातीवर कंपनीचं बोधचिन्ह. त्यांनी सावकाश गार्ड घेतला आणि दोन्ही पाय स्टंपांसमोर रोवले. गोलंदाजाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

चेंडू हळू आला, ऑफ स्टंपच्या बराच बाहेर. साहेबांनी तो सीमापार धाडला. पुढचाही.

“अरे हाण ना त्याला!” कप्तान स्लिपमधून ओरडला. “हात मोडले का तुझे?”

तिसरा. चौथा. मी प्रत्येक वेळी चेंडू हातात यायची वाट बघत बसून राहिलो आणि एकही आला नाही. साहेबांनी पन्नाशी गाठली, बॅट चारी दिशांना दाखवली, आणि आम्ही हरलो.

हस्तांदोलनाच्या रांगेत साहेब आमच्या गोलंदाजापाशी थांबले. त्याच्या पाठीवर थाप मारली. “पोरगा गुणी आहेस. पण खरं सांगू? आम्हाला फास्ट बॉलर पाहिजे. मला तर तुझा प्रत्येक चेंडू फुटबॉलएवढा दिसत होता. बाकीच्यांना का लागतात कोण जाणे, पाय हलवत नसतील.” ते हसले आणि पुढे गेले.

कप्तान मागेच उभा होता. त्याला एवढं ऐकणं पुरलं.

“कंपनीला विकलास होय रे आम्हाला?” त्याने पहिला ठोसाच मारला, नाकावर. दुसरा आमच्याच फलंदाजांपैकी एकाने लगावला. गोलंदाजाने उलटून हात उचलला तेव्हा मी धावलो. आता हा कप्तानाला जिवे मारणार असं मला वाटलं. मी त्याला मागून कव घातली आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरून ओरडत राहिलो, “सोडा, सोडा, काय चाललंय!”

ते मारत होते. त्याचं रक्त माझ्या मनगटांवर गरम लागत होतं. त्याला दोन शब्दांत सुटता आलं असतं: सरांनी सांगितलं. ते शब्द त्याने काढले नाहीत. मीही काढले नाहीत.

“सर,” तो म्हणाला, अगदी हळू, एरवी बोलायचा तसाच, “हात तर तुम्हीच धरलेत माझे.”

मला ते कळेपर्यंत आणखी दोन बसले. मग मी सोडलं. तो कुणावर धावून गेला नाही. खाली बसला, शर्टाने नाक दाबलं, नाड्या सोडून बूट काढले आणि अनवाणीच गेटकडे चालू लागला. कुणी हाक मारली नाही.

कप्तान धापा टाकत माझ्याजवळ आला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“सर, तुम्ही मध्ये पडलात म्हणून. नाहीतर आज मी त्याला मारूनच टाकलं असतं.”

बाकीच्यांनीही मान डोलावली. एकाने मला पाण्याची बाटली दिली. मी मनगटं धुतली आणि म्हणालो, “जाऊ दे आता.”