शेततळ्यावरचे डास

हरणाबाईचं निम्मं आयुष्य पाण्यामागं चालण्यात गेलं. आटपाडीच्या माळावरून मेंढरं घेऊन दर वर्षी पश्चिमेला उतरायचं आणि पावसाळ्यात माघारी यायचं. पुढं कालव्याचं पाणी आलं, लेकानं शेततळं काढलं, तेव्हा कुठं तिचे पाय एका जागी ठरले.

यंदा त्या तळ्यावर तिन्हीसांजेला डासांचे खांब उभे राहू लागले. हजारो डास एकाच जागी वरखाली करायचे. इतकं साठलेलं पाणी त्या माळानं कधी बघितलं नव्हतं, मग पाण्यावरचे असले किडे कुठून माहीत असणार? त्यात शेजारच्या वस्तीवर एकाला डेंगी झाला होता आणि घरात सून, राणी, पोटुशी. फौजेतून सुट्टीवर आलेला तिचा लेक दिग्विजय ट्रॅक्टरचं जळकं ऑइल कॅनमध्ये भरून घेऊन आला.

“आई, तळ्यात वततो. सगळं साफ हुतंय.”

“आन् मेंढरांनी काय प्यायचं? तुझं ऑइल?”

“मेंढरं मोठी का तुझं नातवंड?”

हरणाबाईनं त्याच्या हातातला कॅन खाली ठेवायला लावला. “जरा दम धर. मी बसून बघते.”

ती बांधावर जाऊन हात उघडे टाकून बसली. डोक्यावर खांब घोंगावत होता. मेंढरं आली, निवांत पाणी प्यायली. एकाही मेंढरानं कान झटकला नाही. तिलाही काही चावलं नाही.

“आवं आत्या, तुमचं रगात आटलंय,” दारातून राणी हसत म्हणाली. “डासांना गोड लागत नसंल!”

“तुझं हाय न्हवं गोड? मग ये की हितं.”

राणी आली. तिलाही काही चावलं नाही. तेव्हा दिग्विजयनं एक डास मुठीत धरून मोबाइलच्या उजेडात बघितला. लांब पाय, बारीक अंग, डोक्यावर पिसासारखे दोन तुरे. पण टोचायची सोंड नव्हती. हातावर बसल्यावर तो पुढचेच दोन पाय उचलून हलवत राहिला.

“ह्यो चावणारा न्हाई,” दिग्विजय म्हणाला.

“मग दिवसाढवळ्या चुलीपाशी मला फोडून काढतंय ते काय?” राणीनं विचारलं.

तिघंही स्वयंपाकघरामागं गेली. तिथं हरणाबाईचं बॅरल होतं. कालवा कधी बंद पडेल याचा नेम नाही म्हणून ती ते वरून भरत राहायची, पण तळ दिसेपर्यंत कधी उपसत नसे. पाणी ओतून द्यायची सवयच नव्हती तिला. दिग्विजयनं आत उजेड टाकला. पाण्याच्या वरच्या थराला, डोकी खाली करून, बारीक अळ्या लटकल्या होत्या. उजेड पडताच त्या वळवळत खाली गेल्या.

“दिवसा चावणारं डेंगीचं डास असल्याच पाण्यात हुत्यात.” दिग्विजयनं बॅरल कलंडवायला हात लावला, तशी हरणाबाईनं कड घट्ट धरली.

“असं नगं. बादली आण.”

मग तिनं एकेक बादली उपसून डाळिंबाच्या बुडाशी नेऊन ओतली. शेवटचा गाळही झाडालाच घातला. राणीनं बॅरल आतून घासून काढलं आणि तोंडाला बांधायला जुन्या धोतराचं फडकं शोधून ठेवलं.

ऑइलचा कॅन दिग्विजयनं ट्रॅक्टरपाशी परत नेऊन ठेवला. हरणाबाई पालथ्या बॅरलजवळ जरा उभी राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, “उद्या तळ्याचंच पाणी भरू यात. पर आठवड्याला बॅरलचा तळ दिसाया पायजे, मला आठवण करा.”